सगळ्याला चालंल असा एक

कोल्हापूरजवळच्या उचगावात माणूस काहीही विकत घ्यायला निघाला, की दुकानात त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "सगळ्याला चालंल असं दाखवा." मोटरसायकल घेतली तर तिच्यावर सकाळी दुधाचे कॅन गेले पाहिजेत, दुपारी वैरणीचा भारा आला पाहिजे आणि संध्याकाळी तिघांना बसून अंबाबाईला जाता आलं पाहिजे. शेजारी गांधीनगरात कापड घेतलं तर ते लग्नात मिरवता आलं पाहिजे आणि पुढच्या वर्षी त्याची उशीची खोळही शिवता आली पाहिजे. एका वस्तूनं एकच काम केलं तर ती वस्तू कामचुकार आहे, असा आमच्याकडे संशय घेतला जातो.

त्यामुळं आमच्या दाजींनी मासे धरायचा रॉड घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा अट तीच होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. निवृत्त झाल्यावर माणसं शक्यतो देवधर्माला लागतात, नाहीतर राजकारणाला. दाजींना दोन्ही आधीपासूनच असल्यामुळं निवृत्तीनंतर करायला काही शिल्लक नव्हतं. त्यातच टेक्सासला असलेल्या त्यांच्या पुतण्यानं एका तळ्याच्या काठावरून फोटो पाठवला. हातात हिरवट मासा, माशाचा आ वासलेला जबडा एवढा की त्यात दाजींचा मोबाइल सहज मावावा. खाली लिहिलं होतं, 'बास'. दाजींना वाटलं पुतण्या म्हणतोय, आता बास.

हा बास आपल्याकडं मिळत नाही, हे आधी सांगून टाकतो. हॉटेलात 'सी बास' म्हणून ताटात येतो तो वेगळा. तो आपल्या अलिबाग-पेणचा जिताडा, त्याचं या अमेरिकन बासशी नातं नाही. टेक्सासवाला लार्जमाउथ बास गोड्या पाण्यातला, आणि अमेरिकेत त्याच्यावरून माणसं एवढी येडी झालीत की त्याच्या विक्रमाची गोष्ट शाळेतल्या धड्यासारखी पाठ असते. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या तरुणानं २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या जरा वर, बास धरला. मग त्यानं तो घरी नेऊन खाल्ला. हे ऐकून दाजींचं पेरीबद्दलचं मत एकदम चांगलं झालं. २००९ साली जपानमधल्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यानं तेवढाच, किंबहुना एखाद्या औंसानं जड मासा धरला. पण विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात असा नियम निघाला आणि निकाल बरोबरीत सुटला. एवढ्या वर्षांनी, एवढा मासा, आणि बरोबरी! खासबागेच्या कुस्तीत असला निकाल दिला असता तर पंचांना मागच्या दारानं न्यावं लागलं असतं.

पुतण्यानं फोनवर सांगितलं, की काठावरून धरायचं तर 'फिनेस' पद्धत उत्तम. म्हणजे जोर न लावता, नजाकतीनं मासा धरायचा. अगदी बारीक दोरी, दोन-अडीच इंचांचा रबराचा किडा, आणि त्याला वजन दोन-तीन ग्रॅम. ते हळूच टाकायचं, तळाला बसू द्यायचं, जरासं हलवायचं आणि वाट बघायची.

आता नजाकत आणि आम्ही. आमच्याकडं मटण किलोत, रस्सा वाटीत नाही तर पातेल्यात आणि प्रेम शिव्यांत मोजतात. दोन ग्रॅम हे वजन कोल्हापुरात फक्त गुजरीत उच्चारलं जातं, तेही बारशाच्या अंगठीसाठी, आणि देणाऱ्याची मान जरा खाली असते. दाजींनी तो रबरी किडा तळहातावर घेऊन तोलला आणि म्हणाले, "पावणं, ह्यो टाकायचा का फुंकायचा?"

प्रश्न अगदी बरोबर होता. रॉडनिवडीची सगळी विद्या याच प्रश्नात आहे. दगड कुणीही लांब फेकतो. कापूस फेकायला अवजार लागतं. आमच्याकडं गळ टाकायची पिढीजात रीत म्हणजे चिव्याची काठी, तिला काठीएवढाच तंगूस, मोराच्या पिसाच्या दांडीचा तरंगा, एक शिशाची गोळी आणि गांडूळ. ती काठी फेकायची नसतेच, हात लांब करून गळ पाण्यात सोडायचा असतो. रॉडला मात्र स्वतःचा जोर हवा. मागं घेतल्यावर तो वाकला पाहिजे आणि पुढं येताना त्या वाकण्यातली सगळी ताकद दोन ग्रॅमच्या किड्याला दिली पाहिजे. जाड रॉड एवढ्याशा वजनानं वाकतच नाही. मग किडा आपल्याच पायापुढं पडतो आणि शेजारचा माणूस विचारतो, "मासा हितं हाय व्हय?"

सगळी माहिती रॉडच्या मुठीच्या वर बोटभर जागेत बारीक अक्षरांत छापलेली असते. दुकानात दाजी ती चष्मा कपाळावर सरकवून, रॉड नाकाला लावून वाचत होते : 'सात फूट. एमएल. फास्ट. ल्यूर ३ ते १२ ग्रॅम. लाइन ६ ते १० पौंड.' एका काठीवर फूट, ग्रॅम आणि पौंड अशी तिन्ही मापं नांदताना बघून त्यांना आधी फसवणुकीचा वास आला. त्यातून 'एमएल' म्हणजे मिलिलिटर, असा त्यांचा समज झाला. आमच्याकडं तसा होणं साहजिक आहे. मी सांगितलं, मिडियम लाइट. तर म्हणाले, "मिडियम बी आणि लाइट बी? येकच काय ते धर म्हणावं."

दुकानदार बिचारा खरं सांगत होता. रॉडची ताकद अल्ट्रा लाइटपासून हेवीपर्यंत पायरीपायरीनं जाते. अल्ट्रा लाइटनं अर्ध्या किलोचा मासा धरताना मजा येते आणि दोन किलोचा लागला की घाम येतो. हेवीनं मोठा मासा ओढता येतो, पण लहान किडा टाकता येत नाही. मिडियम लाइट मधे बसतो. 'फास्ट' म्हणजे रॉड कुठं वाकतो ते. उभ्या उसाचं वाढं वाऱ्यावर डोलतं, खालचा बुडखा ढिम्म हलत नाही, तसा फास्ट रॉड फक्त शेंड्याला वाकतो. शेंडा मऊ म्हणून माशानं नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं, आणि बूड ताठ म्हणून झटका दिला की गळ जबड्यात रुततो. 'स्लो' रॉड मुठीपर्यंत वाकतो. तो दिसायला देखणा, पण तळाला पडलेला किडा हलवताना आपण काय करतोय याची खबर माशाला आधी लागते.

मग दुकानदारानं कार्बनचा विषय काढला. हा रॉड २४ टनाचा, तो ३० टनाचा. दाजींनी रॉड खाली ठेवला. दोन ट्रॉल्या ऊस खच्चून भरून कारखान्याच्या काट्यावर नेला तरी सहसा तीस टन होत नाही, हे ज्याला पाठ आहे त्याच्यापुढं बोटभर जाडीसुद्धा नसलेल्या काठीबद्दल असं बोलू नये. वास्तविक तो आकडा उचलायच्या वजनाचा नसतो, कार्बनच्या धाग्याच्या ताठपणाचा असतो. आकडा चढेल तसा रॉड हलका आणि हाताला जास्त खबर देणारा होतो, पण ठिसूळही होतो. काचतंतूचा, म्हणजे फायबर ग्लासचा रॉड जड आणि बधिर, पण ट्रॅक्टरखाली जाणं सोडलं तर सगळं सोसतो. पहिला रॉड घेणाऱ्यानं मधला कार्बन घ्यावा. दुकानदार नेमका उलटीकडून सुरू करतो, कारण त्याचं दुकान वरच्या आकड्यांवर चालतं.

रॉड मोडतात कुठं, हे मात्र कुणी सांगत नाही. मासा ओढताना रॉड मोडल्याची गोष्ट शंभरातली एखादी. बाकीचे गाडीच्या दारात, दिवाळीच्या साफसफाईत आणि छताच्या पंख्यात मोडतात. दुकानात शिरलेला प्रत्येक जण रॉड हातात आल्या आल्या तो हवेत सपासप फिरवतो. त्यानं काही कळत नाही, फक्त पंखा कुठं आहे ते कळतं. दाजींनीही फिरवला. दुकानदाराचा हात बटणाकडं ज्या चपळाईनं गेला, त्यावरून त्या पंख्यानं याआधी बरंच काही खाल्लं असावं. खरी परीक्षा वेगळी असते. रीळ लावून रॉड एका बोटावर तोलायचा. मुठीच्या पुढं, रिळाच्या आसपास तो आडवा राहिला तर दिवसभर मनगट दुखत नाही. आणि ज्या कड्यांतून दोरी जाते, त्या प्रत्येक कडीच्या आतून थोडा कापूस फिरवायचा. कडीला केसाएवढा तडा असेल तर कापसाचा तंतू अडकतो. तोच तडा पुढं दोरी कापतो. ही युक्ती सांगितल्यावर दाजींनी खिशातून चक्क फुलवात काढली. सकाळच्या पूजेतली राहिली होती म्हणे. आठ कड्या त्यांनी ज्या भक्तिभावानं पुसल्या, ते बघून दुकानदारानं आपणहून शंभर रुपये कमी केले.

रिळाचा आकडा २५००. हा त्याच्या आकाराचा नंबर, किमतीचा नव्हे, हे आधी सांगावं लागलं. रिळावर 'शिमानो' बघून दाजी म्हणाले, "ही तर सायकलची कंपनी." तीच. १९२१ साली जपानमधल्या साकाई गावात सायकलची फ्रीव्हील करायला निघालेली ही मंडळी १९७० पासून मासेमारीच्या सामानात आली. सगळ्याला चालंल असं काहीतरी करावं, हे त्यांनाही सुचलेलं बघून दाजींचा विश्वास बसला.

त्या रिळावर पुढं, नाहीतर मागं, एक चकती असते, ड्रॅगची. माशानं ओढल्यावर दोरी किती सहज सुटावी ते तिच्यावर ठरतं. दोरी तुटायच्या वजनाच्या चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत ती आवळावी असा सर्वसाधारण दंडक आहे. आठ पौंडांची दोरी असेल तर सुमारे किलोभर ओढीला रीळ कुरकुरत दोरी सोडू लागलं पाहिजे. आमच्याकडं गॅसच्या रेग्युलेटरपासून फेट्यापर्यंत सगळं गच्च आवळायची सवय. आपण पकडलेलं आपणच सोडायचं, ही कल्पना कोल्हापुरी माणसाला पटवायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास दिलात तर दोरी वाचते.

घरची बाजू अजून राहिली. ताईनं रॉडचा लांबट खोका दारात बघितला आणि विचारलं, "पडद्याची दांडी आणली काय?" खरं कळल्यावर म्हणाली, "मी सांगून ठेवतो, बाजारात चिलापी साफ करून मिळत्यात. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला करायचा असंल तर मसाला तुम्हीच वाटा." या हिशोबाला उत्तर नाही. रॉड, रीळ, दोरी, रबरी किडे धरून आकडा चार-पाच हजारांच्या घरात सहज जातो. त्या पैशात वर्षभर मासे येतील. म्हणून तर प्रत्येक मासेमार घरी सांगताना 'सगळ्याला चालतो' या शब्दांवर जोर देतो. दोन तुकड्यांचा रॉड घ्या, त्याचंही खरं कारण हेच : तो कपाटामागं मावतो. लोकांना सांगायचं, मोटरसायकलवर नेता येतो.

उचगावातून गांधीनगर-वळिवडे करत पंचगंगेला जाता येतं. गांधीनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधी बांधवांनी वसवलेली पेठ. त्याआधी, १९४३ ते १९४८, वळिवड्यात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. तिथून पुढं ऊस, मग काठ. या नदीवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळा तोंडावर आला की बरगे काढून नदी मोकळी सोडायची. बरगे बसले की मागं पाणी तुंबतं आणि काठावर माणसं.

काठाची अडचण अशी, की पुढं जलपर्णी, पायाशी बेशरमीची झुडपं आणि मागं बाभळ नाहीतर उसाचा फड. सहा फुटी रॉडनं दोरी जलपर्णीच्या पलीकडं उचलून धरता येत नाही. दहा फुटी रॉडनं धरता येते, पण मागं नेताना तो बाभळीला मुका देतो, शिवाय दोन ग्रॅमच्या किड्याला त्याच्या लेखी किंमत नसते. म्हणून सात फूट. चार बोटं इकडंतिकडं चालतील. बोटीतून मासे धरणाऱ्या अमेरिकन माणसाला आखूड रॉड चालतो. आपल्याला बोट फक्त महापुरात मिळते, आणि २०१९ साली पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फूट ७ इंचांवर गेली होती तेव्हा कुणाला मासे सुचत नव्हते.

चौथी अडचण काठावरच्या सल्लागारांची. गळ टाकून बसलेला माणूस दिसला, की कोल्हापूरकर गाडी लावतो.

"घावलं का काय?"

"अजून न्हाई."

"लावलंय काय?"

"रबराचा किडा."

"रबराचा? आणि मासा काय खुळा हाय व्हय?"

मग तो बाजूला उकिडवा बसतो. दुसरा येतो, त्याला पहिला सगळं समजावून सांगतो, आणि किंमत सांगताना त्यात आपल्या मनानं हजार घालतो. शेजारी चिव्याची काठी घेऊन बसलेला म्हातारा असतोच. गोष्टीतला असा म्हातारा भराभर मासे काढतो आणि शहाण्यांची जिरवतो. खऱ्या म्हाताऱ्याला तसं काही जमत नाही. त्यालाही सकाळ सकाळ काही घावत नाही. फक्त त्याला काठी केवढ्याला आणली म्हणून कुणी विचारत नाही, एवढं त्याचं सुख.

आणि मासे कोणते? बहुतेक वेळा चिलापी. ही मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली आणि मग घरचीच होऊन बसली. मोझांबिक चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून तिच्या संसाराला कुणी हात लावू शकत नाही. जपान्यांनी १९२५ मध्ये अमेरिकन बास हौसेनं आणला आणि २००५ मध्ये कायद्यानं त्याला बाहेरचा उपद्रवी ठरवला. आपण चिलापी खाऊन तो प्रश्न मिटवतो. ती चावते हळू, टकटक करून, आणि दोरी बारीक असेल तरच खबर लागते. फिनेस रॉडला आपल्याकडचं खरं गिऱ्हाईक हीच. एखादा शिंगाळा, एखादी वाम हेही जमून जातं.

मरळीचं मात्र नाव काढू नका. ती जलपर्णीच्या जाळ्यात राहते, लागली की गुंत्यात शिरते, आणि मिडियम लाइट रॉड हातात घेऊन तुम्ही तिच्याकडं बघत राहता. तिला वेगळा, जाड रॉड लागतो, वर जाड वेणीची दोरी. 'सगळ्याला चालंल' यातून मरळ वजा केल्याशिवाय रॉडची निवड पुरीच होत नाही. दाजींना हे पटायला जड गेलं, कारण त्यांना खायला नेमकी मरळच आवडते. शिवाय पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा गोल फिरताना दिसला तर खाली आईबाप पहाऱ्यावर असतात. तिथं गळ टाकला तर ते अंगावर येतात आणि सापडतातही. मग पिल्लं बाकीच्यांच्या पोटात जातात. तेवढी जागा सोडून द्यावी.

या पाण्यात नकटा नावाचाही एक मासा आहे. मुंबई इलाख्यातला लष्करी अधिकारी डब्ल्यू. एच. साइक्स यानं १८३९ साली दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा इथल्या कोळ्यांच्या तोंडची नावंच लॅटिनात नेऊन बसवली, त्यात नकट्याचा 'नुक्ता' झाला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. या नकट्याच्या जगण्यालाच आली. आज तो धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे. आधी बंधारे, मग मैला, मग दर उन्हाळ्यात नदीत तरंगणाऱ्या मेलेल्या माशांच्या बातम्या. गळाला लागलाच तर ओल्या हातानं सोडवून परत पाण्यात सोडा. त्याचा रस्सा करून कुणाचं पोट भरत नाही.

तर निवाडा असा. काठावरून एकच रॉड घ्यायचा तर सात फूट, मिडियम लाइट, फास्ट, दोन तुकड्यांचा, मधल्या प्रतीचा कार्बन, रीळ २५००, आठ-दहा पौंडांची वेणीची बारीक दोरी आणि पुढं हात-दोन हात फ्लोरोकार्बनची दोरी. तलावाचा ठेका कुण्या मत्स्य संस्थेकडं असेल तर त्यांना विचारूनच बसा. राधानगरीसारख्या अभयारण्यात बसूच नका. कार्बनमधून वीज जाते, त्यामुळं पाण्याच्या मोटारींच्या विजेच्या तारा डोक्यावर असतील तिथं आणि वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की रॉड आडवा ठेवा. आणि गुंतलेला तंगूस तोडून काठावर टाकू नका, खिशात घालून घरी आणा. तो वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि त्यात बगळ्याचा पाय अडकला तर ते सोडवायला काठावरच्या सल्लागारांतला एकही पाण्यात उतरत नाही.